व्हॉल्यूम शून्यावर

मागच्या महिन्यात दादाकडे गेले होते तेव्हा एक गोष्ट घडली, म्हटलं तर काहीच नाही, पण तेव्हापासून कुसळासारखी रुतून बसलीये. दादाच्या ऑफिसातले दोघं-तिघं सहकुटुंब आले होते, हॉलमध्ये माणसं मावेनात, आणि गप्पा जरा थंडावल्यावर दादाने आपली ठरलेली ऑर्डर सोडली, "बाळा, गिटार आण गं, काका-काकूंना दाखव काय काय शिकलीस ते." भाची बारा वर्षांची आहे. इलेक्ट्रिक गिटार हातात येऊन तिला आठ महिने झालेत. ती आधी "नको ना बाबा" म्हणाली, मग आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि कुणीच वाचवत नाही म्हटल्यावर मुकाट आत गेली आणि गिटार, केबल, तो आवाज मोठा करणारा खोक्याएवढा अँप असं सगळं एका खेपेत उचलून घेऊन आली. प्लग लावला, अँपवरचा लाल दिवा लागला, केबलचं टोक गिटारच्या भोकात खट्ट करून बसलं. खुर्चीच्या कडेवर टेकून तिने मान खाली घातली आणि सुरू झाली. अख्खं गाणं वाजवलं, चांगली साडेतीन-चार मिनिटं, मध्ये एकदाही न थांबता. बोटं व्यवस्थित फिरत होती, पाय ताल धरत होता, तारांचा किणकिण असा बारीक आवाज येत होता, पंख्याच्या आवाजाच्या जेमतेम वर. संपल्यावर टाळ्या. एक काकू म्हणाल्या, "किती छान सॉफ्ट वाजवते हो! मला वाटलं इलेक्ट्रिक म्हणजे नुसती ढणढण, कान किटणार आता."

अँपमधून एक अक्षरसुद्धा बाहेर आलं नव्हतं. गिटारवरचा व्हॉल्यूमचा नॉब शून्यावर होता.

हे त्या खोलीत फक्त दोघींना माहीत होतं, तिला आणि मला. मला कसं कळलं तर तिची करंगळी. प्लग लावल्यावर तिने सहज केस मागे सारावेत तशी करंगळी नॉबवरून फिरवली, एकदाच, आणि आधी जो 'गूं' येत होता तो बंद झाला. ज्यांच्या घरी असली गिटार आहे त्यांना हा गूं चांगला माहीत असेल. अँप चालू केला की वाजवायच्या आधीच तो आपला सुरू असतो, एखादा म्हातारा नुसता बसल्या बसल्या हुंकार देतो तसा. गिटारीत जो पिकअप असतो ना, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, त्याचं काम एवढंच की वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांमध्ये इवलीशी वीज उमटते. फॅरेडेने १८३१ साली दाखवलं होतं तेच, बाकी काही जादू नाही. पण त्या बिचाऱ्या वेढ्यांना काय कळतंय कुठली थरथर तारेची आणि कुठली भिंतीतल्या वायरिंगची, ते तीही पकडतात, आणि ५० किंवा ६० हर्ट्झचा तो गूं सगळ्यांना ऐकवत बसतात. तारांवर हात ठेवला की तो जरा कमी होतो, उचलला की परत. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हरने १९५५ साली यावर तोड काढली, दोन कॉइल शेजारी शेजारी अशा उलटसुलट लावल्या की दोघींनी पकडलेला गूं एकमेकींना खाऊन टाकतो आणि तारेचा आवाज तेवढा उरतो, हंबकर म्हणतात त्याला. भाचीच्या गिटारीत साधे एका कॉइलचे पिकअप आहेत. त्यामुळे ती गिटार अँपला लावलीये आणि गूं नाहीये याचा अर्थ एकच होतो. मी काही बोलले नाही. टाळ्या वाजवल्या. गिटार आत नेताना तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि तिला कळलं की मला कळलंय.

बरं, त्या लोकांना हसू नये. माणसं डोळ्यांनीच ऐकतात. लेस पॉल नावाच्या अमेरिकन गिटारिस्टची एक गोष्ट आहे, त्याने स्वतःच नंतर बऱ्याचदा सांगितलेली. साधारण १९४०-४१च्या सुमाराला त्याने एक चार बाय चार इंचाचा लाकडाचा ठोकळा घेतला, त्याला गिटारची मान लावली, तारा ताणल्या, पिकअप बसवला, झाली इलेक्ट्रिक गिटार. त्या ओंडक्याला 'द लॉग' असंच नाव पडलं. तो घेऊन लोकांसमोर वाजवला तर कुणी फारसं ढुंकून बघेना. मग त्याने एका पोकळ गिटारचं अंग मधोमध उभं कापलं, दोन अर्धुकं ओंडक्याच्या दोन बाजूंना पंखांसारखी जोडली, म्हणजे दिसायला गिटार, आणि तेच परत वाजवल्यावर लोक खूश. आवाजात त्या पंखांचं काम जवळपास काहीच नव्हतं. आमच्या हॉलमध्ये तर पंख होते, लाल दिवा होता, बोटं पळत होती, मग आणखी काय पाहिजे!

पण मला रुतलं ते काकूंचं नाही. मला रुतलं ते असं की ती करंगळी मी ओळखली, कारण तशीच माझी होती.

मी चौदा वर्षांची असताना माझ्याकडे इलेक्ट्रिक गिटार आली ती अपघातानेच. ओळखीतल्या एका मुलाची, तो शिकायला बाहेर चालला होता, त्याला ती सोबत न्यायची नव्हती. काळी, वरच्या कोपऱ्यात टवका उडालेली, सहापैकी पाच तारा शाबूत. अँप नव्हता. म्हणजे मोटार आहे आणि चाकं नाहीत, अशातली गत. सगळे म्हणाले आधी साधी लाकडी गिटार शीक, मग ही घे, अजूनही पोरांना हेच सांगतात आणि मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आताही पटत नाही. लहान बोटांना उलट इलेक्ट्रिकच सोपी, मान बारीक, तारा पातळ आणि फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, जवळ टेकलेल्या. सगळ्यात बारीक तार पाव मिलिमीटरची असते फक्त. अर्थात पातळ आहे म्हणून गरीब आहे असं नाही, अशा सेटच्या सहा तारांचा मिळून ताण चाळीस किलोच्या वर जातो, म्हणजे आमची भाची आख्खी त्या मानेला लटकल्यासारखं. ते सगळं बोटांच्या टोकांवर येतं. पहिले दोन-तीन आठवडे बोटांच्या पेरांवर लाल चरे पडतात, गरम पाण्यात हात घातला की झिणझिण्या, शर्टाचं बटण लावताना 'आई गं'. मग एक दिवस बोट टेबलावर आपटून बघावं तर टक असा आवाज येतो, घट्टे पडलेले असतात. मी ते घट्टे वर्गात बाकाखाली अंगठ्याने चाचपत बसायचे. इतका अभिमान मला आजवर कुठल्या मार्कांचाही वाटलेला नाही. तेव्हा ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारिस्ट टोनी आयोमी कोण हे मला माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण पुढे वाचलं की सतरा वर्षांचा असताना कारखान्यात मशिनखाली त्याच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि तीही तार दाबायच्या हाताची, तर त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर कातडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या आणि पुढे अख्ख्या हेवी मेटलचा बाप झाला. हे वाचल्यावर माझ्या लाल चऱ्यांची मला जरा लाजच वाटली.

अँप नसल्यामुळे मी ती गिटार ऐकायची कशी, तर हनुवटीने. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. एकदा वाजवता वाजवता वाकून बघत होते बोट कुठे पडतंय ते, तर जबडा गिटारच्या अंगाचं वर शिंगासारखं टोक असतं त्याला टेकला आणि एकदम सगळा आवाज डोक्यात शिरला. हाडातून. बाहेर किणकिण आणि आत घंटा. मग मी तशीच वाजवायला लागले, पाठीला पोक काढून, शिंगावर हनुवटी टेकवून, आई म्हणायची, खातेस की काय गिटार. तारा सुरात लावायलाही तेच. आता पोरांकडे क्लिपवाला ट्यूनर असतो, हिरवा दिवा लागला की झालं, तेव्हा आम्ही जाड तार पाचव्या फ्रेटवर दाबायचो आणि तिच्या शेजारची मोकळी तार तिच्याशी मिळवायचो, मग पुढची, मग त्याच्या पुढची, फक्त दुसऱ्या तारेला मध्येच नियम बदलतो आणि चौथा फ्रेट लागतो, का ते मला कितीतरी वर्षं कळलं नव्हतं आणि दर वेळी मी तिथेच चुकायचे. दोन तारा जवळजवळ एका सुरात आल्या पण अगदी नाही आल्या की आवाज वाव-वाव-वाव असा हेलकावतो. खुंटी पिळत गेलं की हेलकावे लांबतात, वाऽऽव, वाऽऽऽऽव, आणि मग एका क्षणी ते पाणी स्थिर होतं. हे मला जबड्यात जाणवायचं. दाढांमध्ये. आजही कुणी तार लावायला घेतली की माझ्या उजव्या दाढेत काहीतरी होतं, खोटं नाही सांगत.

आणि दुसरी युक्ती कपाटाची. गिटारचं डोकं कपाटाच्या लाकडी दाराला टेकवून वाजवलं की अख्खं कपाट गायला लागायचं, आतल्या हँगरसकट. तेव्हा वाटायचं आपण काहीतरी चोरवाट शोधलीये. खरं तर गोष्ट उलटी आहे. गिटार मुळात असंच करायची, तिचं पोट पोकळ होतं आणि तेच तिचं कपाट. पण बँडमध्ये शेजारी ट्रंपेट-सॅक्सोफोन वाजायला लागले की ती बिचारी ऐकूच यायची नाही, म्हणून तर विजेची भानगड सुरू झाली. जॉर्ज बोशांने १९३१ मध्ये चुंबकाचा पिकअप लावून जी गिटार केली, तिला लोक 'फ्राइंग पॅन' म्हणायचे, दिसायलाच तशी, गोल आणि लांब दांड्याची. मग लक्षात आलं की पोकळ गिटारीला पिकअप लावून आवाज वाढवला तर स्पीकरचा आवाज परत त्या पोटात शिरतो, तार आणखी हलते, आणखी आवाज, आणि सगळं किंचाळायला लागतं. त्यावर उपाय काय, तर पोटच काढून टाका. भरीव फळी. लिओ फेंडरची भरीव गिटार १९५० साली बाजारात आली, स्ट्रॅटोकास्टर १९५४ची, आणि जगभरातली नवशिकी पोरं आजही ज्या आकाराची गिटार घेऊन बसतात तो आकार त्या सालचाच आहे. म्हणजे काय गंमत बघा, लांबपर्यंत ऐकू जावी म्हणून जिला जन्माला घातलं, तीच केबल काढल्यावर शेजारच्या खोलीतही ऐकू जाऊ नये अशी घडवलेली. रात्री अकरा वाजता घरचे झोपले असताना चौदा वर्षांच्या मुलीला याहून सोयीचं वाद्य कुठलं मिळणार होतं? मी तासन्तास वाजवलं आणि कुणीही ऐकलं नाही. ते सहा-सात महिने माझ्या वाजवण्याचे सगळ्यात सुखाचे होते, हे आता कळतं.

मग तिला आवाज फुटला. घरात एक जुना टेपरेकॉर्डर होता, त्याला माइकचं भोक होतं, आणि मी कुठूनतरी एक जोडणारी पिन पैदा करून गिटारची केबल त्यात घुसवली, रेकॉर्डचं बटण दाबलं आणि तार छेडली. जो काही आवाज आला तो ऐकून मी आधी घाबरून केबल उपटली. वाटलं टेप फुटला. फाटका, खरखरीत, मधमाशांनी गळा काढावा तसा. आणि दोन मिनिटांनी परत लावली, कारण तसला आवाज मी कॅसेटवर ऐकला होता आणि तो माझ्या बोटातून निघेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्या टेपला झेपत नव्हतं एवढंच खरं, लाटेचे शेंडे वरून कापले जात होते, पण त्यालाच तर डिस्टॉर्शन म्हणतात आणि लोक त्याच्यासाठी पेडल विकत घेतात. लिंक रे नावाच्या गिटारिस्टने १९५८च्या आसपास तो फाटका आवाज मिळावा म्हणून अँपच्या स्पीकरच्या कागदाला पेन्सिलीने भोकं पाडली होती. मोडलेल्या गोष्टीचाच आवाज तो, पुढे सगळ्यांना हवासा झाला.

पण त्या आवाजासोबत एक वाईट गोष्ट कळली. मला वाजवता येत नव्हतं.

म्हणजे मी जे इतके महिने हनुवटीने ऐकत होते त्यात फक्त मला हवी असलेली तार ऐकू यायची. टेपमधून सगळं ऐकू आलं. बोट उचलताना नकळत ओढली गेलेली शेजारची तार, जाड तारेवरून सरकताना होणारा चर्रर्र, वाजवायचीच नव्हती ती सहावी तार मागे घूंऽऽ करत बसलेली. लाकडी गिटार असल्या चुका पोटात घालते, इलेक्ट्रिक चहाड्या करते. कुणी सांगत नाही पण या वाद्यात अर्धी मेहनत न वाजवायच्या तारा गप्प ठेवण्यात जाते. डाव्या हाताचं पहिलं बोट ज्या तारेवर आहे तिच्या खालच्या बारीक तारांना त्याच बोटाच्या पोटाने हलकेच शिवून ठेवायचं, दाबायचं नाही, नुसतं शिवायचं, आणि उजव्या हाताचा तळवा, करंगळीखालचा मांसल भाग, तो जाड तारांवर टेकलेला. म्हणजे एक तार वाजते तेव्हा पाच तारा दोन्ही हातांनी धरून ठेवलेल्या असतात. लग्नाच्या फोटोत लहान पोरांना मोठी माणसं खांद्याला धरून उभं करतात ना, तसं. बघणाऱ्याला कळतही नाही. भाचीचं हे चांगलं तयार आहे, त्या दिवशी हॉलमध्ये मी तिचे हातच बघत होते, शून्य व्हॉल्यूमवरसुद्धा ती नको त्या तारा नीट दाबून धरत होती. ऐकायला कुणी नाही आणि चूक तरी होऊ द्यायची नाही. याला काय म्हणावं?

माझ्या वेळची मैफल मात्र झाली ती व्हॉल्यूमसकट. मी पंधरा पूर्ण, दादा एकोणीस. त्याचे मित्र आले होते, त्यातल्या एकाकडे खरा अँप होता, तो त्याने कौतुकाने माझ्यासाठी आणला. मी एक छोटा तुकडा बसवला होता, त्यात शेवटी एक बेंड होता. बेंड म्हणजे तार दाबून ती आडवी वर ढकलायची, की सूर चढत जातो, सतारवाले मींड घेतात तीच जात. पूर्ण एक सूर चढवायचा तर तारेचा ताण जवळपास सव्वापट व्हावा लागतो आणि तो एका बोटाने होत नाही. अनामिकेने दाबायचं, मागे मधलं आणि पहिलं बोट आधाराला लावायचं आणि मनगट फिरवायचं, दाराची मूठ फिरवावी तसं. जोर मनगटाचा, बोटं नुसती धरून. हे मला आज माहीत आहे. तेव्हा मी एकट्या अनामिकेने जीव खाऊन ढकलायचे. घरी हनुवटीने ऐकताना तो बेंड मला बरोबर वाटायचा, कारण तो कुठे पोचायला हवा ते मनात पक्कं होतं आणि मी मनातलंच ऐकायचे. त्या दिवशी अँपमधून तो निघाला, चढला, चढला, आणि पोचायच्या आत दमून तिथेच लोंबकळत राहिला. ना हा सूर ना तो. आणि दादा म्हणाला, "मांजराच्या शेपटीवर पाय पडला की काय कुणाचा?" सगळे हसले. मीही हसले. सगळ्यांत मोठ्याने बहुतेक मीच.

दादाची काही चूक नाही, हे लिहिताना मला ते नीट लिहायचंय. विनोद चांगला होता. शिवाय वर्णनही अचूक होतं, आवाज तसाच आला होता. त्याला तो प्रसंग आठवतही नाही, मी मागे एकदा आडून आडून विचारलं तर म्हणाला, "तू वाजवायचीस की चांगलं, सोडलंस का गं?" त्यानेच मुलीला हौसेने गिटार आणून दिली, तिला क्लासला सोडतो, आणतो, कोपऱ्यात बसून ऐकतो, आणि लोकांसमोर वाजवायला लावतो ते कौतुक पोटात मावत नाही म्हणून. बापलेकीची गिटार म्हटलं की मला क्वीन बँडचा गिटारिस्ट ब्रायन मे आठवतो, मुलगा होता तो, पण ते सोडा. सोळा वर्षांचा असताना, १९६३ मध्ये, त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरीच गिटार करायला घेतली. मानेला जुन्या फायरप्लेसचं लाकूड, स्प्रिंगा मोटारसायकलच्या इंजिनातल्या, आणि सूर डोलवायच्या, म्हणजे ट्रेमोलोच्या, दांडीचं टोक आईच्या विणकामाच्या सुईचं. दोनेक वर्षं लागली. पुढे आयुष्यभर, स्टेडियमांमधून, तो तीच वाजवत आला. मला त्या गोष्टीत नेहमी ती दोन वर्षं दिसतात, बापलेक काहीतरी तासतायत, आणि वाजवून दाखव असं म्हणायला अजून गिटारच नाहीये.

मी काही त्या दिवशी सोडलं नाही. असं एका दिवसात काही सुटत नसतं, सिनेमात सुटत असेल. मी नंतर दोन वर्षं वाजवत होते. एफ कॉर्ड आला मला, म्हणजे एक बोट सहाही तारांवर आडवं दाबून धरायचा बारे कॉर्ड, तोही कधी, पाचव्या फ्रेटवर तोच आकार धरून मग एकेक घर खाली सरकत आल्यावर, कारण पहिल्या फ्रेटवर मानेच्या टोकाची पट्टी अगदी शेजारी असते आणि तार तिथे सगळ्यात हट्टी, आणि पुस्तकवाले तरीही पोरांना बारे कॉर्ड तिथेच पहिल्यांदा धरायला का लावतात देव जाणे, निम्मी पोरं तिथेच गळतात. तर मी वाजवत होते, फक्त घरात कुणी असलं की करंगळी नॉबकडे जायची. आधी सातवरून पाच. मग तीन. मग कुणी नसतानाही तीन. मग अँपचं कुणाला सांगायचंच नाही, केबल नाहीच लावायची. मग हनुवटी. पण तोवर हनुवटीलाही खरं ऐकू यायला लागलं होतं, अर्ध्यात लोंबकळणारा तो बेंड आता जबड्यात रुतायचा, आणि एक दिवस कळलं की गिटार कपाटामागे आहे आणि तिच्यावर धूळ आहे आणि बोटांची टोकं मऊ झालीयेत. घट्टे जातात. दोन-तीन महिने पुरतात.

त्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी तिच्या खोलीत गेले. ती केबल गुंडाळत होती, कोपर आणि अंगठ्यात धरून, जशी गुंडाळू नये तशी, आतून तार तुटते त्याने. मी ती हातातून घेतली आणि एक वेढा सुलट एक वेढा उलट असं करून दाखवायला लागले. जरा वेळाने ती म्हणाली,

"तुला कळलं ना?"

"हो."

"बाबाला सांगणारेस?"

"नाही."

मग तिने मान तिरकी करून विचारलं, "आत्या, तू का सोडलंस?" आणि मी म्हणाले, "कॉलेज सुरू झालं ना, वेळच मिळेना."

कुसळ हे आहे. तिने माझ्यासमोर आपला नॉब उघडा करून दाखवला आणि मी माझा झाकून ठेवला. घरी परत येताना रस्ताभर मी स्वतःला सांगत होते की एवढ्या लहान मुलीला काय सांगायचं, आणि सांगितलं तर बापाविषयी काहीतरी भरवल्यासारखं होईल, आणि शेवटी एक जुना विनोद आहे तो, त्याचं किती करायचं. सगळं खरं. तरी टाळ्या मीही वाजवल्या होत्या, आणि त्या टाळ्यांनी मी तिला नक्की काय सांगितलं, की बरं केलंस, असंच करत जा? हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कारण एक मन म्हणतं, बारा वर्षांच्या पोरीला वाईट वाजवायला एक बंद खोली हवी, तिने ती भर हॉलमध्ये करंगळीने बांधून घेतली, हुशार आहे. आणि दुसरं मन त्या करंगळीचा पुढचा प्रवास मोजत बसतं, सात, पाच, तीन.

परवा परत गेले होते. दादा हॉलमध्ये फोनवर, ती खोलीत, दार लोटलेलं. गिटार मांडीवर, अँप चालू, गूं येत होता. म्हणजे नॉब वर होता, फार नाही, दोन-अडीच. मी म्हटलं, दे बघू. पंचवीस वर्षांनी गिटार मांडीवर घेतली, मांडी तेवढी राहिली नाहीये ही गोष्ट वेगळी. बोटं लोण्यासारखी. दोन मिनिटं नुसतीच बोटं फिरवली आणि मग तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटला अनामिका ठेवली, मागे दोन बोटं लावली, मनगट फिरवलं. तार चढली, चढली, आणि लोंबकळली. तिथेच. पंचवीस वर्षांत एक मिलिमीटरही पुढे नाही.

ती हसली नाही. वाकून बघत होती, हनुवटी जवळजवळ शिंगाला लागलेली. "अजून वर, आत्या," म्हणाली, "थोडंसंच राहिलंय," आणि हात लांब करून माझ्या करंगळीच्या खालून नॉब जरासा पुढे फिरवला. मी परत ढकलली. बोटाखाली तार कापत गेली ते कळलं. अँप चांगलाच कोकलला.

बाहेरून दादाचा आवाज आला, "काय गं, काय चाललंय आत?"

तिने पटकन सहाही तारांवर तळवा ठेवला.

"काही नाही बाबा," ती ओरडली, "तार लावतोय!"